झाकली मूठ

महापेला रात्री साडेअकराला
एसीचा आवाज बदलतो.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
मेंटेनन्सचा घरतही म्हणतो, "असंच आहे ते."
आमच्या कर्नलमध्येही एक ओळ अशीच होती.

अठराशे ओळींचं एकच फंक्शन:
कुलूपबंद पॅकेट आत घेतं, उघडतं, वर सोडतं.
त्यात बावीस 'जर', त्यांच्या पोटात आणखी 'जर',
बाहेर पडायच्या अकरा वाटा
आणि जवळपास दर वाटेवर
कुणीतरी दिवा मालवायचा विसरलेला.
तेराव्या 'जर'च्या डोक्यावर टीप:
'इथे आधी प्रत करा. काढू नये. भा. के.'

आयरीन डाबरे म्हणाली, काढ ती प्रत.
दर पॅकेटमागे दीड हजार बाइट
आपण उगाच दोनदा लिहितोय.
बरोबरच होतं तिचं. काढली.
सात तास चाचण्या हिरव्यागार.
आठव्या तासाला, रॅकमधल्या तळाच्या यंत्रावर,
जो नुसता बंद पाकिटं मोजायला बसवला होता
त्याच्या हातात उघडा मजकूर आला.
मजकूर म्हणजे काय, चाचणीचाच:
अ अ अ अ अ, चौदाशे वेळा.
तरी मला घाम फुटला.

भालचंद्र केणी निवृत्त होऊन दिवा गावात असतात,
ऐरोलीच्या टोकाला, खाडीच्या अंगाला.
रविवारी गेले. ओट्यावर बसून कोळंबी सोलत होते.
हात बरबटलेले, म्हणून मनगटानंच चष्मा वर सारला.
मी कागद धरून उभी.
"आद्याक्षरं माझीच," म्हणाले. "कारण आठवत नाही."
मग बराच वेळ नुसती कोळंबी.
मांजर आलं, टरफलं हुंगून गेलं.
मी चप्पल घालत होते तेव्हा म्हणाले,
"ते पान कुणाकुणाच्या हातात असतं, बघितलंस?
आपल्याला वाटतं, आपण एकटेच धरून बसलोय.
दुसरंही कुणी त्याच पानात बोट घालून असतं.
तू जागच्या जागी उघडलंस
की त्याच्यापुढेही उघडलंच ना गं."

सोमवारी त्या अठराशेचे सहा तुकडे केले.
पहिला फक्त लांबी मोजतो; खोटी वाटली तर तिथूनच परत.
दुसरा मोहोर पारखतो, मूठ उघडायच्या आधी.
जुन्यात सगळं उलटं होतं,
सेफ्टी डोअर सताड उघडायचं
आणि मग विचारायचं, कोण आहे?
तिसरा बघतो, पान एकट्याचं की सामायिक.
सामायिक असेल तरच प्रत.
(आयरीनचंही खरं झालं, केणींचंही.)
उरलेल्या तिघांत सांगण्यासारखं काही नाही,
एकाला तर अजून धड नाव सुचलेलं नाही.

वाट आता एकच.
शेवटी लागलेलं कुलूप तिथं आधी निघतं,
आणि दिवे मालवूनच बाहेर पडता येतं.

अकरा वर्षं झाली मला या खात्यात.
कोपरखैरण्यातल्या कुणाचं वीजबिल,
वाशीच्या लॅबमधला कुणाचा रिपोर्ट,
कुणाचं रात्री दोनला लिहिलेलं 'झोपलीस?'
सगळं माझ्या ओळींतून गेलं असेल.
मी एक अक्षर वाचलेलं नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
उघडली तर दीड हजार बाइटची,
आणि ते बाइट ज्याचे त्याचे.

पॅच गेला. कुणाला काही कळलं नाही.
आमच्या कामात हीच शाबासकी.
टीप मी काढली नाही. तिच्याखाली
कारण लिहिलं, चार ओळींत, माझी आद्याक्षरं न घालता.
मग खोडून घातली. उद्या कुणाला
विचारायला यायचं असेल तर पत्ता हवा.

साडेअकराला आवाज बदलला.
घरतला म्हटलं, मागचं पॅनल उघड ना एकदा.
तो म्हणाला, "थांबा मॅडम,
आधी कुणाचं काय जोडलंय ते बघतो."